पस्तीसला थांबायचं

दहा फूट पुढे जायचं. थांबायचं. कटर बंद करायचा, इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं. पहार घेऊन पुढच्या दहा फुटांत ठोकत ठोकत फिरायचं, काटे ओरबाडतील तेवढे ओरबाडू द्यायचे आणि कान जमिनीला लावल्यासारखे ठेवायचे. घट्ट, भरीव आवाज आला की परत सीटवर बसायचं आणि ते दहा फूट कापायचे. मग पुन्हा पहिल्यापासून.

धाकटीचा हा पाचवा दिवस होता आणि विहीर सापडत नव्हती.

घरामागच्या दोन एकर रानात कुठेतरी एक जुनी, बिनकठड्याची विहीर झुडपांखाली तोंड वासून बसली होती. निदान आप्पा तसं म्हणत होते. आप्पा म्हणजे तिचे सासरे. त्यांच्या दोन सुनांतली ही लहान, म्हणून धाकटी. थोरली परदेशात होती, त्यामुळे या घरात थोरली-धाकटी सगळी हीच. आज शुक्रवार होता आणि उद्यापासून मुंगीला शाळेची सुट्टी लागणार होती.

मुंगी म्हणजे धाकटीची पाच वर्षांची लेक. खिशात सदानकदा साखर, फट दिसली की शिर आत, आणि एका जागी बसणं हा जणू तिच्यासाठी शोधलेला दंड. दुपारी शाळेतून आल्यावर तिनं मागच्या ओट्याखाली खडूनं ओढलेली रेघ ओलांडायची नाही, असा नियम होता. मुंगी रेघ ओलांडत नव्हती. ती रोज खडू घेऊन रेघच थोडी पुढे सरकवत होती. ते धाकटीच्या लक्षात आलं तेव्हा ती हसली खरी, पण त्या दिवसापासून तिच्या पोटात जो गोळा बसला तो उठायला तयार नव्हता.

जागा आप्पांच्या मामाची. मामा गेला, मागे कुणी नव्हतं, जागा आप्पांच्या नावावर झाली आणि पुढची तीस वर्षं इकडे कुणी फिरकलंच नाही. एवढ्या वर्षांत रानानं हात-पाय पसरले. घाणेरी, काटेरी झुडपं, वेली, त्यांच्यावर चढलेल्या आणखी वेली. शहरातल्या एका खिडकीच्या घराला कंटाळून हे सगळे दोन महिन्यांपूर्वी इथे राहायला आले, तेव्हा मागचं दार उघडेना. बाहेरून एक वेल दाराला मिठी मारून बसली होती. धाकटीचा नवरा वायरमन. आठवड्याचे सहा दिवस बाहेरगावी साइटवर, रविवारी घरी.

पण ट्रॅक्टर होता आणि तो धाकटीचा होता. तिच्या वडिलांनी जन्मभर लोकांच्या जमिनी नांगरून दिल्या. गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी सगळं आवरलं आणि तिन्ही मुलींना विचारलं, कुणाला काय हवं. मोठीनं कपाट घेतलं, मधलीनं शिलाई मशीन. हिनं त्या घरातला सगळ्यात छोटा, नारिंगी ट्रॅक्टर मागितला. सहा वर्षांची असताना ती वडिलांच्या मांडीत बसून त्याच्याच स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपत असे. नवरा ऐकवायचा, "लोकांच्या बायका माहेरून डबे भरून आणतात, माझी ट्रॅक्टर घेऊन आली." तरी डिझेलचा कॅन आणायला मात्र तोच पळायचा.

गेल्या रविवारी पहिल्यांदा ट्रॅक्टर काटेरी झुडपांत शिरला आणि मागच्या कटरनं त्यांचा भुगा पाडत बाहेर आला तेव्हा ओट्यावर बसलेले आप्पा टाळी वाजवून म्हणाले, "अगं, ही तर बकरी! काटे खाते नि ढेकर देते!" तेव्हापासून तो ट्रॅक्टर बकरी झाला.

विहिरीचं त्यांना आठवलं ते त्याच रविवारी, जेवताना. घास हातातच राहिला.

"अरे, मागे विहीर आहे ना."

"कुठे?" धाकटीनं विचारलं.

"मामाची विहीर. कठडा नव्हता तिला. आम्ही सुट्टीला यायचो तेव्हा मामानं आम्हांला शिकवून ठेवलं होतं. तुतीच्या झाडाला पाठ लावायची, टेकडीच्या खिंडीकडे तोंड करायचं आणि मोठ्यानं मोजत चालायचं. पस्तीसला थांबायचं. चाळिसाला विहीर."

"आणि चुकून छत्तीस झाले तर?" नवऱ्यानं विचारलं.

"तर मामाची चपराक. विहिरीपेक्षा आम्ही तिला जास्त भ्यायचो."

तुतीचं झाड आता नव्हतं, पण ओट्यापासून हाकेच्या अंतरावर त्याचा बुंधा होता. नवऱ्यानं जेवलेल्या हातानंच त्याला पाठ लावली, खिंडीकडे तोंड केलं आणि हातातल्या कोयत्यानं वाट करत, मध्ये आलेल्या एका दाट झुडपाला वळसा घालत चाळीस पावलं मोजली. वायरमन माणूस, उंच, टांगा लांब. चाळिसाव्या पावलाला त्यानं लोखंडी कांब ठोकली आणि तिला तांबडी पिशवी बांधली. "याच्या आसपास जपून. अलीकडचं काय, डोळे मिटून काप."

आणि धाकटीनं अलीकडचं सगळं सोमवारी एका दिवसात कापून काढलं होतं. ठोकाठोकी नाही, उतरणं नाही. गाणं म्हणत, बकरीला वाटेल तशी पळवत. बुंध्यापासून कांबेच्या बरंच अलीकडपर्यंत सगळं मोकळं झालं. मध्ये एक झुडूप तेवढं राहिलं. बाकीचं रान उन्हानं करपलेलं असताना तेच एक हिरवंगार होतं, वेलींनी भरलेलं, उपड्या टोपलीसारखं गोल, पण खोलीएवढं. ती कटर खाली सोडून सरळ त्याच्यावरच चालली होती, तेवढ्यात आतून एक बुलबुल किंचाळत बाहेर पडली आणि तिच्या तोंडासमोर फडफडली. धाकटीनं ब्रेक दाबला. पाहते तर घराकडच्या फांदीत वाटीएवढं घरटं आणि त्यात तीन अंडी, गुलाबी, तपकिरी शिंतोडे उडाल्यासारखी. "राहू दे बाई तुझं," म्हणत तिनं कटर उचलला आणि झुडपाला वळसा घातला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मुंगीला घरटं दाखवायचा कार्यक्रम असे. कडेवर घेऊन झुडपाला खेटून उभं राहायचं, फांदी हलकेच बाजूला करायची. बुधवारी अंड्यांची पिल्लं झाली. "आई, ह्यांना कपडेच नाहीत!" मुंगी म्हणाली आणि खिशातली साखर त्यांना टाकायला निघाली.

मंगळवारपासून मात्र गाणं बंद झालं होतं. दहा फूट, थांब, उतर, ठोक. तांबड्या पिशवीभोवती तिनं आधी छोटं रिंगण कापलं, मग मोठं, मग त्याहून मोठं. दगड सापडले, एक गंजलेलं घमेलं सापडलं, सापाची कात सापडली. विहीर नाही. न सापडलेली विहीर रोज मोठी होत गेली. चहा ओतून ठेवायची नि तो गार झाल्यावर आठवायचा. मुंगीची वेणी घालताना पेड मोजायची. पोळणाऱ्या उन्हात सीटवर बसली की वाटायचं, घरी कडी लावली ना? उठून बघून यायची. परत बसली की वाटायचं, लावली होती, पण मी बघायला गेले तेव्हा काढून परत लावली ना?

शुक्रवारी दुपारी फिटरकाका कटरचं पातं बदलायला आले. तोंडानं पान्यापेक्षा जास्त काम करणारा माणूस.

"ताई, एवढं छोटं यंत्र नि एवढं रान. ही बकरी म्हातारी होईल चरता चरता."

"म्हातारी होऊ दे. विहीर सापडली म्हणजे झालं."

"कसली विहीर? मी इथला जन्माचा. मी कधी ऐकली नाही. या वयात माणसाला दुसऱ्याच गावची विहीर आपली वाटायला लागते. माझ्या वडलांना तर आमच्या घराला माडी आहे असं वाटायचं. जिना शोधत फिरायचे बिचारे." ते मोठ्यानं हसले.

धाकटीनं डोळ्यांनी खुणावलं, पण उशीर झाला होता. दारात आप्पा उभे होते, हातात फिटरकाकांसाठीचा पाण्याचा तांब्या. त्यांनी तांब्या शांतपणे खाली ठेवला आणि आत गेले.

संध्याकाळी ते चहाला उठले नाहीत. धाकटी कप घेऊन खोलीत गेली. आप्पा खाटेच्या कडेला बसून स्वतःच्या पावलांकडे बघत होते.

"धाकटे, खरं सांग. तुलाही वाटतं का, मला भास होतोय?"

"नाही, आप्पा."

"पाच दिवस झाले. तुझे हात बघ काय झालेत."

धाकटीनं हात मागे घेतले. खरं सांगायचं तर काल तिलाही तसं वाटून गेलं होतं, आणि त्याची लाज पोटातल्या गोळ्याला येऊन मिळाली होती.

"मला त्या पाण्याचा वास आठवतो गं," आप्पा म्हणाले. "पस्तीसला थांबलं की समोरून गार वारा यायचा. भास असता तर वास कसा आला असता?"

फोनवर नवऱ्याचं वेगळंच. "पाच दिवस शोधलंस ना? नाहीये विहीर. बुजली असेल कधीच. उरलेलं काप सरळ नि मोकळी हो. नाहीतर आपण परत शहरात जाऊ. तू अशी आतल्या आत कुढत बसणार असशील तर काय उपयोग त्या मोकळ्या हवेचा?"

"बुजली असेल तर बुजलेली दाखव मला."

"अगं, नसलेली वस्तू मी कशी दाखवू?"

"मग मी तरी मुंगीला मोकळी कशी सोडू?"

तो म्हणाला, "रविवारी येतो. तोवर अंगणात ठेव तिला."

अंगण कसलं, खडूची रेघ. धाकटीनं फोन ठेवला आणि जाऊन रेघ पुसून पुन्हा आत ओढली.

शनिवारी सकाळी सुट्टी उजाडली. मुंगी सहालाच उठून बसली होती, बूट उलटसुलट पायात. धाकटीनं तिला आप्पांच्या हवाली केलं. "आप्पा, तासभर. शेवटचा पट्टा राहिलाय, कुंपणालगतचा. तिचा हात सोडू नका."

"नाही सोडत."

ती बकरी घेऊन पार टोकाला गेली. दहा फूट. थांब. उतर. ठोक. मन मात्र मागे, ओट्याकडे. दोनदा मान वळवून पाहिलं, दोघं ओट्यावर होते. तिसऱ्यांदा पाहिलं तर ओटा रिकामा.

पहार टाकून ती दोन पावलं धावली. मग ते दिसले. तुतीच्या बुंध्यापाशी होते. आप्पांनी हात घट्ट धरला होता आणि वाकून नातीला काहीतरी सांगत होते. मुंगीनं बुंध्याला पाठ लावली. धाकटीच्या लक्षात आलं, म्हातारा पोरीला मामाचा नियम शिकवतोय. कुणी विश्वास ठेवो न ठेवो, पुढच्या पिढीला सांगून ठेवतोय. धाकटीला भरून आलं. साफ केलेला भाग आहे, चालू देत, असं म्हणून ती पुन्हा सीटवर बसली. पण बोट काही किल्लीवर जाईना. पाच दिवसांची सवय. शांत असलं की कान आपोआप टवकारत.

"एकोणीस... वीस... एकवीस..."

मुंगीचा आवाज रानभर येत होता. पावलागणिक एक आकडा, फौजेतल्यासारखा पाय आपटत. आप्पा तिच्या पावलाला पाऊल जुळवत अर्धवट वाकून चालले होते.

"अठ्ठावीस... वीस-नऊ..."

"एकोणतीस गं."

"तेच. तीस... एकतीस..."

धाकटी हसली. आणि हसता हसताच तिची मान ताठ झाली. खिंडीकडे तोंड करून सरळ रेषेत येणारी ती दोघं तांबड्या पिशवीच्या फार, फार अलीकडे होती. आकडे संपत आले होते आणि पिशवी अजून निम्म्या शेतापलीकडे होती.

"चौतीस... पस्तीस! थांबले! चपराक नाही!"

मुंगी दोन्ही पाय जुळवून थांबली. तिच्या समोर पाच पावलांवर हिरवंगार झुडूप होतं.

आप्पा मात्र थांबले ते वेगळ्याच कारणानं. त्यांनी मान वर केली, नाकपुड्या फुलल्या. "धाकटे," त्यांनी रानभर ऐकू जाईल अशी हाक मारली, "वास येतोय."

धाकटी सीटवरून कधी उतरली तिला कळलं नाही. पळत होती आणि ओरडत होती, "हलू नका! दोघंही हलू नका! आप्पा, तुम्ही तेव्हा केवढे होतात?"

"कधी?"

"मोजायचात तेव्हा! किती वर्षांचे?"

आप्पांनी खाली पाहिलं, हातातल्या हाताकडे, त्या हातामागच्या पोरीकडे, तिच्या उलटसुलट बुटांकडे.

"हिच्याएवढा," ते म्हणाले. "अगं आई गं... हिच्याएवढा."

चाळीस पावलं बरोबर होती. वायरमनच्या टांगा चूक होत्या. मामानं पोरांसाठी केलेला नियम पोरांच्याच पावलांचा होता आणि पाच दिवस कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं की पावलं वाढतात, विहीर आहे तिथेच राहते.

"आलात त्याच पावलांवरून मागे जा. हात सोडू नका. मुंगे, उलटे आकडे मोज बघू."

"उलटे मला येत नाहीत."

"मग सुलटे मोज, पण मागे जा!"

दोघं बुंध्याशी पोचल्यावर तिनं पहार आणली. झुडपापासून आठ हातांवर ती पोटावर आडवी झाली आणि सरपटत पुढे गेली, पहार समोर ठोकत. भरीव. भरीव. भरीव. मग झुडपाच्या कडेला, घरट्याखाली, जिथे ती रोज संध्याकाळी लेकीला कडेवर घेऊन उभी राहायची, तिथून वीतभर आत पहार गेली आणि काही लागलंच नाही. वेलींच्या जाळीतून सरळ आत, मुठीपर्यंत. गार हवेचा झोत तिच्या तोंडावर आला. तिनं हाताशी आलेला दगड आत सोडला. क्षणभर काही नाही. मग खोलवर, डुबुक.

शेजारीच मातीत बकरीच्या मागच्या चाकाची नक्षी उमटलेली होती, सोमवारची. काठापासून दोन हातांवर. धाकटी ती नक्षी बघत तशीच पडून राहिली. वरून बुलबुल तिच्यावर ओरडत होती, तोंडात किडा धरून. त्या दिवशी ही अशीच ओरडली नसती तर कटर, बकरी, गाणं आणि आई, सगळं त्या डुबुकमध्ये गेलं असतं.

ती मागे सरपटत आली, उठली, आप्पांपाशी गेली. आप्पांनी तिच्या केसांतलं गवत काढलं.

"होती ना?"

"होती, आप्पा."

"फिटरला सांग, मी जिना शोधत नव्हतो." आणि एवढं म्हणून तो सत्तरीचा माणूस बुंध्यावर बसून लहान मुलासारखा रडला. मुंगीनं खिशातली साखर काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली.

त्यानंतर धाकटी बसली नाही. झुडूप उपटायचं नाही हे ठरलेलंच होतं. पिल्लांना अजून पंख फुटायचे होते आणि वेली ओढल्या तर काठ ढासळायची भीती. मग आधी कुंपण. बकरीच्या पुढच्या, माती उचलायच्या बकेटमध्ये तिनं पाच दिवसांत निघालेले दगड भरले आणि काठापासून चांगले दहा हात सोडून गोल रचत गेली. घराच्या दुरुस्तीतून उरलेले लोखंडी खांब ठोकले. जाळीचं भेंडोळं आप्पांनी धरलं, तिनं तारेनं आवळलं. मुंगीचं काम होतं ओट्यावर बसून रेघ राखायचं, आणि ती खरंच बसली होती, कारण आज पहिल्यांदाच आईचा चेहरा तिला भ्यायला हवा तसा वाटत होता.

मध्येच नवऱ्याचा फोन आला. धाकटीनं सांगितलं.

"मीच म्हणालो होतो, डोळे मिटून काप."

"हो."

"आत्ता निघतो."

"उद्याच ये. आणि येताना लहान पावलं टाकत ये," ती म्हणाली आणि मग दोघंही हसली, रडायच्या काठावरचं हसणं.

उन्हं कलायच्या आत कुंपण उभं राहिलं, छातीएवढं, चहूबाजूंनी. धाकटीनं ते हलवून पाहिलं. पुन्हा हलवून पाहिलं. लाथ मारून पाहिलं. मग शेवटच्या पट्ट्यात राहिलेले दहा-दहा फूट, तेही ठोकून, कापून संपवले, कारण एक सापडली म्हणजे दुसरी नसेलच असं कुणी सांगावं. काही नव्हतं. बकरी बुंध्याशी आणून उभी केली. इंजिन बंद केलं तरी हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते.

आप्पांनी चहाचा कप आणून तिच्या हातात दिला. तो गरम होता. आठवडाभरात इतका गरम चहा तिनं प्यायला नव्हता. जीभ पोळली.

"आई," रेघेवरून हाक आली. "आता मी पळू?"

धाकटीनं रानाकडे पाहिलं. कुंपण, कुंपणात हिरवं झुडूप, झुडपात चोच उघडून बसलेली तीन पिल्लं. बाकी सगळं मोकळं, खुरटं, ठोकून पाहिलेलं. पोटातला गोळा अजून होता. तो बहुतेक राहणारच होता. आई झाल्यावर तो मिळतोच, विहीर असो नसो.

"बूट नीट घाल आधी."

"घातले!"

"पळ."

मुंगी सुटली. धाकटी ओठांतल्या ओठांत मोजायला लागली. पावलं एवढी भराभर पडत होती की आकडे मागे पडत होते. तेहतीस, चौतीस, पस्तीस. मुंगी थांबली नाही. कुंपणाला लांबून वळसा घालून, हात पसरून, किंचाळत ती खिंडीकडे तोंड करून पळतच राहिली. एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीसनंतर धाकटीनं मोजणं सोडून दिलं.